पहिल्या दिवसाचा पहिला पेशंट

आपली मुलगी काय काम करते, असं कुणी विचारलं की ठकीचे बाबा आधी घसा खाकरून घेत. मुलगी डॉक्टर असली तर सांगता येतं, वकील असली तर सांगता येतं. पण ‘माहिती तंत्रज्ञान सल्लागार’ एवढं म्हणून होईपर्यंत समोरच्याला जांभई येते. म्हणून त्यांनी आपल्यापुरतं एक सोपं उत्तर करून ठेवलं होतं.

“ती लोकांच्या ऑफिसात जाऊन बसते,” ते सांगत, “आणि तुमचं काय चुकतंय ते त्यांना राग येणार नाही अशा बेतानं सांगते.”

“आणि त्याचा पगार मिळतो?”

“मिळतो तर! फुकट सांगितलं तर कोण ऐकून घेईल?”

या धंद्याची याहून नेटकी व्याख्या शोधून सापडायची नाही. मोठमोठ्या कंपन्यांचे सल्लागारही तेच करतात, फक्त गळ्यात टाय बांधून आणि पडद्यावर रंगीत गोल काढून करतात. ठकी टायही बांधत नसे आणि गोलही काढत नसे. ती खुर्ची ओढून एखाद्या कारकुनाच्या शेजारी बसायची आणि तो काय करतो ते बघत राहायची. लहानपणीही ती अशीच टक लावून बसायची, हाक मारली तरी ढिम्म हलायची नाही. लाकडाची बाहुली, ठकी, बसवून ठेवलीय जशी, असं आई म्हणायची, आणि तेच नाव पडलं. पुढे ऑफिसात ती मॅडम झाली, केस पिकले, चष्मा लागला; पण घरात ठकीची ठकीच राहिली.

बाबा स्वतः लिफ्ट दुरुस्त करत. लिफ्टच्या कंपनीनं त्यांना एक मोबाईल देऊन ठेवला होता. त्या काळी मोबाईल असणं म्हणजे मोठा रुबाब होता, पण बाबांना त्याचं ओझंच वाटायचं, कारण तो वाजला की कुणीतरी कुठेतरी अडकलेलं असायचं. ठकीकडे तेव्हा मोबाईल नव्हता. ती नुकतीच नोकरीला लागली होती. रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, चार टेबलं, खालून येणारा टर्पेंटाइनचा वास आणि जिन्यावर सतत कुणाचे तरी डबे, असं ते ऑफिस. छोट्या संस्थांना संगणकाचे प्रोग्रॅम करून द्यायचे, हा त्यांचा धंदा. ठकीच्या वाट्याला आलं एक वाचनालय. पुस्तक परत करायची मुदत संपली की वाचकाला मोबाईलवर मेसेज गेला पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. मेसेज जातो की नाही हे बघायचं तर कुणाचा तरी खरा नंबर लागतो. ठकीला एकच नंबर तोंडपाठ होता. तिनं तो घातला, बाबांचं नाव घातलं आणि बटण दाबून ती जेवायला गेली.

संध्याकाळी घरी पोचते तर काय, बाबा पलंगाखाली शिरलेले.

“ठके, माझ्या नावावर कुणीतरी पुस्तक उचललंय बघ. परत करा म्हणून मेसेज आलाय. मी तर त्या वाचनालयाची पायरी चढलेलो नाही. मग म्हटलं, तूच आणून कुठे टाकलं असशील.”

ठकीनं आधी कपाळाला हात लावला, आणि मग हसता हसता खाली बसली. बाबांना सगळं समजावून सांगितल्यावर ते गुडघे झटकत उठले. म्हणाले, “म्हणजे मेसेज पोचला की नाही एवढंच बघायचं ना? पोचला. अगदी पलंगाखालपर्यंत पोचला. सांग तुझ्या साहेबांना.”

तेव्हापासून तो नंबर ठकीच्या प्रत्येक कामात गेला. डेअरी झाली, विमा कंपनी झाली, गॅसची एजन्सी झाली, दाताचा दवाखाना झाला. ठकी बटण दाबायची, फोन लावायची आणि विचारायची, “आला का?” मग बाबा चष्मा शोधत, आणि शाळेत धडा वाचतात तसा मेसेज मोठ्यानं वाचून दाखवत. “प्रिय ग्राहक, आपल्या गाईचा विमा मंजूर झाला आहे. अभिनंदन.” आणि पुढे लगेच, “विमा झाला, आता गाय पाठवून दे. बाल्कनीत बांधतो.” एकदा प्रसूतिगृहाचं काम होतं. बाळाला आता विसावा आठवडा लागला असून जड वस्तू उचलू नयेत, असा मेसेज गेला. बाबांनी आपल्या साहेबांना फोन करून, आज मला मोटर उचलता यायची नाही, डॉक्टरांची मनाई आहे, असं सांगितलं म्हणे. आई तेव्हा होती. ती पदरात तोंड खुपसून इतकी हसली की तिला ठसका लागला.

आता हे सगळं गमतीचं खरं, पण ठकीचं बस्तान बसलं ते याच गमतीतून. एकदा एका सरकारी छापाच्या कंपनीसाठी तिनं मेसेज पाठवला होता, “आपली विनंती प्रक्रियाधीन असून यथावकाश कळविण्यात येईल.” बाबांनी तो दोनदा वाचला.

“म्हणजे काय गं? काम झालं की नाही झालं?”

“चालू आहे बाबा.”

“मग चालू आहे असं लिही की. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला यथावकाश म्हटलं तर तो आतून दार फोडेल.”

ठकीनं ते बदलून ‘काम चालू आहे, शुक्रवारपर्यंत कळवू’ असं केलं. महिन्याभरात त्या कंपनीकडे चौकशीचे फोन इतके कमी झाले, की व्यवस्थापकाला वाटलं टेलिफोनच बंद पडलाय. हे कानोकानी झालं. तिच्या प्रोग्रॅममध्ये फार काही चमचमीत नसतं, पण वापरणाऱ्याचं डोकं फिरत नाही, असं लोक म्हणू लागले. या धंद्यात एवढं नाव पुष्कळ झालं. पुढे तिनं एका जुन्या सहकाऱ्याबरोबर स्वतःची संस्था काढली. हा गृहस्थ चहासुद्धा उभ्याउभ्या प्यायचा आणि लिफ्टची वाट न बघता जिने चढायचा, म्हणून सगळे त्याला सबुरी म्हणत. तो प्रोग्रॅम बांधायचा, ती माणसांशी बोलायची. जोडी जमली.

काम वाढलं तशी ठकी मोठ्या शहरात गेली. बाबा निवृत्त झाले. आई गेली. ठकीनं बाबांना आपल्याकडे चला म्हणून पुष्कळ आग्रह केला, पण ते बधले नाहीत. इथली लिफ्ट माझ्या हातची आहे, ती मी नसलो तर रुसते, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ते आपल्या गावी, आपल्या चौथ्या मजल्यावर राहिले आणि ठकी आपल्या शहरात. मध्ये बसचा अर्ध्या दिवसाचा रस्ता.

राहिला तो फोन. आणि इथे ठकीची बाजू घ्यावी की तिचा कान धरावा, असा प्रश्न पडतो. ती फोन करत नव्हती असं मुळीच नाही. उलट पुष्कळ करायची. पण नवा मेसेज गेला की करायची. “आला का? वाचा बघू. बरं, ठेवते, मीटिंग आहे.” कधी सुरुवात झाली ते तिलाही सांगता आलं नसतं, पण बापलेकीच्या बोलण्यात बोलणं उरलं नव्हतं, नुसती तपासणी उरली होती. बाबा मेसेज वाचून झाल्यावर काहीतरी काढायला बघत. “ठके, अलीकडे जरा काय होतं, सांगू का...” आणि ठकी म्हणायची, “बाबा, संध्याकाळी निवांत बोलू हं.” संध्याकाळ रोज यायची. निवांतपणाचं तेवढं जमायचं नाही. तिला बापाची माया नव्हती असं कुणी म्हणेल तर ते साफ खोटं. त्यांचा आवाज कानावर पडला की तिला सगळं आलबेल वाटायचं, एवढंच. आवाज ठणठणीत होता. आत काय चाललंय ते आवाजावरून तिला कळलं नाही.

मग ते इस्पितळाचं काम आलं. ठकीच्याच शहरातलं जुनं, मोठं इस्पितळ होतं. लोक पहाटेपासून रांगा लावायचे आणि दुपारी कळायचं की डॉक्टर आज नाहीतच. ते सगळं मोडून फोनवर वेळ मिळेल, आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज जाईल, आलेल्या माणसाचं नाव पडद्यावर दिसेल, अशी व्यवस्था करायची होती. ठकीच्या संस्थेनं एवढं मोठं काम आजवर केलेलं नव्हतं. सबुरी तर आनंदानं दोन-दोन पायऱ्या एकदम चढायला लागला होता.

त्यांच्या संस्थेत एक कडक नियम होता, आणि तो ठकीनंच घातलेला. चाचणीसाठी जी खोटी माणसं भरायची, त्यांच्या नावाआधी ‘चाचणी’ असा शब्द लावायचाच. खरा कारभार सुरू व्हायच्या आधी तो शब्द शोधून सगळी खोटी माणसं एका फटक्यात काढून टाकता येतात. सगळे हा नियम पाळत. बाबांच्या बाबतीत मात्र ठकी पाळत नसे. एकदा तसं केलं होतं, तर मेसेज ‘प्रिय चाचणी’ अशा मायन्यानं गेला आणि बाबा दोन दिवस घुश्शात. “एवढी वर्षं तुझी सेवा केली, आणि मला चाचणी म्हणतेस?” तेव्हापासून ती बाबांचं नाव साधं, जसंच्या तसं लिहायची आणि काम झालं की स्वतःच्या हातानं काढून टाकायची.

या खेपेला गडबडीत ते काढायचं राहिलं.

नोंद अशी होती. विभागांची लांबलचक यादी उघडली, तिचं बोट जिथे पडलं तो विभाग घेतला. तो होता स्मरणशक्तीचा विभाग. दिवस घेतला कारभार सुरू होण्याचा पहिला आणि वेळ घेतली पहिली, कारण पडद्यावर तीच सगळ्यात वर होती. मेसेज गेला. ठकीनं फोन लावला.

बाबांनी वाचलं. “स्मृती विभाग. सकाळी नऊ वाजता. उपाशी पोटी यावे.”

नंतर पलीकडे काहीच ऐकू आलं नाही. “बाबा? आहात ना?”

“आहे,” बाबा म्हणाले. मग जरा थांबून, अगदी हळू आवाजात, “बरं. येतो.”

गाय पाठवून दे म्हणणारा माणूस तो. ठकी हसली. “या या, वाट बघते,” म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. रक्ततपासणीची उपाशी येण्याची ओळ भलत्या विभागाला चिकटलीय, तेवढं मात्र तिनं सबुरीला कळवलं. सबुरीनं ते नव्या मेसेजांपुरतं दुरुस्तही केलं.

पहिला दिवस उजाडला. इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोली त्यांना दिली होती. तिथे भिंतीवर मोठा पडदा लावून सगळे बसले होते. खाली पहिला माणूस येईल, खिडकीवरची मुलगी त्याची नोंद करेल आणि पडद्यावर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका पडेल. इतक्या महिन्यांची मेहनत त्या एका ठिपक्यावर येऊन थांबली होती. इस्पितळाचे अधीक्षक हाताची घडी घालून उभे होते. सबुरी आयुष्यात पहिल्यांदा एका जागी बसला होता.

ठिपका पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ठकीनं नाव वाचलं. ते तिच्या बाबांचं नाव होतं.

तिच्या मनात आलं ते एवढंच, की मेलं, ही खोटी नोंद राहिली, आणि खिडकीवरच्या मुलीनं चुकून तिच्यावर बोट दाबलं. अधीक्षकांना कळायच्या आत ते निस्तरायला हवं. “आलेच,” म्हणत ती उठली आणि खाली गेली.

खाली खुर्च्यांच्या रांगा होत्या. पहिल्या रांगेत, खिडकीच्या अगदी समोर, बाबा बसले होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, दाढी केलेली, पायात पॉलिश केलेले बूट. मांडीवर एक छोटी पिशवी होती आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. ते बारीक झाले होते. फोनवर माणूस बारीक झालेला कळत नाही.

“बाबा!”

“आलीस?” ते म्हणाले. चेहरा एकदम उजळला. “रात्रीच्या बसनं आलो. काही खाल्लेलं नाही हं. चहासुद्धा नाही.”

इतक्या वर्षांत बाबांनी एकदाही चाचणीचा मेसेज खरा धरला नव्हता. पलंगाखालचं ते पहिलं पुस्तक सोडलं तर एकदाही नाही. आणि आज ते उपाशी पोटी, बसमध्ये अर्धा दिवस धक्के खात, म्हणजे रात्रीच कधीतरी घरातून निघून, खोट्या वेळेला येऊन बसले होते. म्हणजे आता यांना खरं-खोटंही उमगत नाही? तिच्या घशाशी आलं, बाबा, अहो तो चाचणीचा होता. तेवढ्यात खिडकीवरच्या पडद्यावर नाव झळकलं, खिडकीवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “आजोबा, पहिला नंबर तुमचा, आत जा,” आणि बाबा पिशवी सावरत उठले. ठकी त्यांचा दंड धरून आत गेली. दुसरं काय करणार?

डॉक्टरबाई मध्यमवयीन होत्या, केस आखूड, बोलणं सावकाश.

“बसा काका. काय त्रास होतोय?”

“हिला माहीत आहे,” बाबा ठकीकडे मान वळवून म्हणाले. “हिनंच वेळ घेतलीय.”

डॉक्टरबाईंनी ठकीकडे पाहिलं.

“तरी तुम्हीच सांगा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मला तुमच्याकडून ऐकायचंय.”

बाबांनी पिशवी खाली ठेवली. “मी लिफ्टचा माणूस,” त्यांनी सुरुवात केली. “आमच्या इमारतीची लिफ्ट मीच बसवलेली. तीनेक महिने झाले असतील, बाहेरून येऊन लिफ्टमध्ये शिरलो आणि आपला मजला कोणता ते आठवेना. बटणं दिसतायत, बोट पुढे आहे, पण कुठे ठेवायचं? मग सगळी दाबली. प्रत्येक मजल्यावर दार उघडलं की डोकं बाहेर काढून बघायचं, आपलं दार दिसतंय का. चौथ्यावर बायकोच्या हातची कुंडी दिसली, तेव्हा जिवात जीव आला.” ते किंचित हसले. “शेजारीण बघत होती. तिला म्हटलं, लिफ्टची तपासणी करतोय. त्यानंतर तशी तपासणी पुष्कळदा झाली. आता ती विचारत नाही, बिचारी.”

“हे घरी कुणाला सांगितलंत?”

“घरी कोण आहे? ही एक. हिला सांगायचं म्हणून दोन-चारदा तोंडाशी आणलं, पण हिची कामं असतात. फोनवर असलं काय सांगायचं? मी म्हटलं, राहू दे.” आणि मग बाबांच्या आवाजात असं काही आलं, की ठकीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. “पण ही माझी मुलगी. हिला न सांगता कळलं. मला वाईट वाटू नये म्हणून हिनं सरळ काही विचारलं नाही. नेहमीसारखा मेसेज पाठवून दिला. बाबा काय समजायचं ते समजून घेतील, म्हणून. मी वाचलं, स्मृती विभाग. लगेच ओळखलं. खरं सांगतो डॉक्टर, केवढा भार उतरला. म्हटलं, चला, हिला कळलंय. आता मला एकट्याला हे लपवत बसायला नको.”

डॉक्टरबाईंनी बराच वेळ घेतला. चित्रं दाखवली, आकडे विचारले, घड्याळ काढायला लावलं. बाबांनी घड्याळाचे आकडे नीट मांडले, पण काटे कुठे ठेवायचे यावर ते अडून बसले. काही गोष्टी झटकन आल्या, काही मुळीच आल्या नाहीत. सुरुवात आहे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. वेळेवर आलात. पूर्ण थांबवता येणार नाही, पण सावकाश चालवता येईल. तपासण्या करू, औषधं सुरू करू, आणि आता काकांनी एकटं राहू नये. “आणि उपाशी कशाला आलात?” त्यांनी विचारलं. “मेसेजमध्ये होतं,” बाबा म्हणाले, आणि ठकीला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर आल्यावर तिनं सबुरीला फोन करून सांगितलं, की आज वरचं सगळं तू बघ. सबुरीनं विचारलं, त्या पहिल्या नोंदीत काहीतरी गडबड दिसतेय, काढून टाकू का? ती म्हणाली, हात लावू नकोस, तो पेशंट खरा आहे.

इस्पितळाचं उपाहारगृह तळमजल्यावर होतं. स्टीलची टेबलं, कोपऱ्यात उकळणारी चहाची टाकी, ओल्या फडक्याचा वास. ठकीनं चहा आणला, लोणी लावलेला ब्रेड आणला, बिस्किटं आणली. बाबा भुकेले होते. ते ब्रेड चहात बुडवून खात होते, आणि प्रत्येक घासाला त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग येत होता. किती हलकं झालं होतं त्यांना! ठकी रडू आवरून बघत होती.

तिनं काहीच बोलायची गरज नव्हती. बाबांनी सगळं श्रेय तिला देऊन टाकलंच होतं. नुसतं गप्प राहिलं तरी भागणार होतं. हो बाबा, मला कळलं होतं, एवढं म्हटलं असतं तर म्हातारा जन्मभर ते मिरवत राहिला असता. कुणाचं काय बिघडणार होतं?

पण तिचं मन घेईना. एवढी वर्षं तिनं हेच पाहिलं होतं. समोरच्याला सगळं आपोआप कळतंय असं एकदा धरून चाललं, की माणसं सांगायचं बंद करतात आणि मग गोष्टी खोल जाऊन रुततात. आपण हो म्हटलं तर बाबा पुढेही काही सांगणार नाहीत. औषध लागू पडत नसेल, रात्री भीती वाटत असेल, एखादं नाव गळून गेलं असेल, तरी ते गप्प बसतील. ठकीला कळेलच, असं म्हणत वाट बघत राहतील. आणि आपल्याला कळणार नाही. आपल्याला तर हेही कळलं नव्हतं.

“बाबा, एक सांगायचंय.”

“सांग की.”

“मला माहीत नव्हतं.”

“काय माहीत नव्हतं?”

“तुमचं हे सगळं. विसरण्याचं. मी ती वेळ तुमच्यासाठी घेतली नव्हती. तो मेसेज चाचणीचाच होता, नेहमीसारखा. विभागांची यादी होती, माझं बोट कुठेतरी पडलं. गाईचा विमा होता ना, तसंच.”

बाबांनी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग चहाच्या टाकीकडे पाहिलं. मागच्या टेबलावर कुणीतरी खुर्ची सरकवली.

“म्हणजे सहज?” त्यांनी विचारलं.

“सहज.”

“आणि मी रस्ताभर शेजारच्या माणसाला सांगत आलो, पोरगी किती हुशार आहे माझी.”

“हुशार नाहीये बाबा,” ठकी म्हणाली, आणि आता तिचे डोळे वाहायला लागले. ते पुसायचं तिला सुचलं नाही. “तुम्ही फोनवर सांगायला जात होता, आणि मी ऐकतच नव्हते.”

बाबांनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढून तिच्यापुढे सरकवला.

“आता कळलं ना?”

“हो.”

“मग झालं तर. पूस तोंड, लोक बघतायत.” त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. ठकीचा फोन वाजायला लागला होता, वरच्या मजल्यावरून. तिनं तो बंद करून पर्समध्ये टाकला.

“त्या लिफ्टचं तर मी थोडंसंच सांगितलं,” बाबा म्हणाले. “अजून पुष्कळ आहे. आठवतंय तोवर सांगून टाकतो. ऐक.”